ऑफरोड एसयूव्ही : कोणतं व्हेरिअंट, किती डिकी? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, थार रॉक्स, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, रँग्लर. या गाड्यांबद्दल मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या सतत हलतात. मापं कंपन्यांनी जाहीर केलेली आहेत.

१. उंच आणि दणकट दिसणारी प्रत्येक एसयूव्ही ऑफरोडच असते ना?

नाही. तीन गोष्टी बघा: चारही चाकांना ताकद मिळते का, लो रेंज आहे का, आणि चासी कशी आहे. यातली लो रेंज सर्वांत महत्त्वाची. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केसमधले (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीतले) जास्तीचे गिअर चाकांचा वेग घटवून टॉर्क वाढवतात. त्यामुळे दगडांच्या चढावर गाडी क्लच न जाळता मुंगीच्या गतीने चढते. ग्रँड विटारात ऑल-व्हील ड्राइव्ह मिळतं, पण लो रेंज नाही. स्कॉर्पिओ क्लासिक लॅडर फ्रेमवर (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर) आहे, पण ताकद फक्त मागच्या चाकांना. चासीवरून मात्र घाईने निकाल देऊ नका. लँड रोव्हर डिफेंडरला लॅडर फ्रेम नाही, तरी लो रेंज आहे आणि ती अस्सल ऑफरोड गाडी आहे.

२. एमएक्स, एएक्स, झेड, झेटा, अल्फा… या नावांतून काय समजायचं?

प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी.

थार रॉक्स (पाच दारांची थार, ऑगस्ट २०२४ पासून) एमएक्स१, एमएक्स३, एएक्स३एल, एमएक्स५, एएक्स५एल आणि एएक्स७एल अशी चढत जाते. शेवटचा ‘एल’ असेल तर ड्रायव्हरला मदत करणारी लेव्हल २ एडास यंत्रणा आहे. त्याचा ऑफरोडशी काही संबंध नाही. स्कॉर्पिओ-एन झेड२, झेड४, झेड६, झेड८ आणि झेड८एल अशी जाते. तीन दारांची थार २०२५च्या ऑक्टोबरपासून एएक्सटी आणि एलएक्सटी या नावांनी येते. त्याआधीची एएक्स ऑप्शनल आणि एलएक्स. जुना स्टॉक दाखवला जात असेल तर हे नाव आधी बघा (पाहा प्रश्न १८). जिम्नीत झेटा आणि अल्फा एवढंच. गुरखात निवडच नाही: तीन दारं की पाच, इतकं ठरवायचं.

नावात कुठेही ‘फोर-बाय-फोर’ (चारही चाकांना ताकद) लिहिलेलं नसतं. ते वेगळं विचारावं लागतं, आणि बहुतेक लोक नेमके तिथेच फसतात.

३. टॉप मॉडेल घेतलं की गाडी ऑफरोडला जास्त चांगली होते का?

बहुतेक वेळा नाही, काही वेळा तर उलट.

रॉक्सचं उदाहरण घ्या. पेट्रोल कितीही वरचं घेतलं तरी ताकद मागच्या चाकांनाच. फोर-बाय-फोर फक्त डिझेलमध्ये. गाडी बाजारात आली तेव्हा त्याची विभागणी अशी होती: एमएक्स५ मध्ये फक्त मॅन्युअल, एएक्स५एल मध्ये फक्त ऑटोमॅटिक, एएक्स७एल मध्ये दोन्ही. म्हणजे पॅनोरामिक सनरूफ आणि हवेशीर सीटा असलेली एएक्स७एल पेट्रोल घेणाऱ्याला जे मिळत नाही, ते एमएक्स५ डिझेल फोर-बाय-फोर घेणाऱ्याला मिळतं.

आता टायर. एमएक्स५ ला २५५/६५ आर १८, एएक्स७एल ला २५५/६० आर १९. बाहेरून मोजला तर दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच, साधारण ७८९ मिमी. पण १८ इंचीत रबराची भिंत सुमारे १६६ मिमी असते आणि १९ इंचीत १५३ मिमी. खडकाळ वाटेवर हवा कमी करून चालवताना हे १३ मिमी रिमला वाचवतात. खड्ड्यात आपटल्यावरही तेच. शोरूममध्ये मात्र १९ इंची चाक जास्त रुबाबदार दिसतं, आणि गाडी तिथेच विकली जाते.

जिम्नीचा हिशेब सोपा आहे. झेटा आणि अल्फा दोन्हींना तीच फोर-बाय-फोर, तीच लो रेंज, सहा एअरबॅग. अल्फात एलईडी हेडलॅम्प, अलॉय व्हील, नऊ इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल आणि पुश बटण. ऑफरोडसाठी झेटा पुरेशी. रात्री घाटातून जाणं जास्त असेल तर अल्फाचे हेडलॅम्प मात्र पैसे वसूल करतात.

व्हेरिअंट बदलल्यावर यंत्रच बदलतं, असं स्पष्ट उदाहरण रँग्लरचं आहे. अनलिमिटेडची लो रेंज २.७२:१, रुबिकॉनची ४:१. शिवाय रुबिकॉनमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलना लॉक (डावं-उजवं चाक सक्तीने सारखंच फिरवणारा) आणि बटणाने सुटणारा स्वे बार (गाडीचं झुकणं रोखणारा दांडा). इथे टॉप मॉडेल खरोखर वेगळी गाडी आहे. गुरखात दोन्ही अॅक्सलचे लॉक आणि स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) सर्वांनाच मिळतात.

मागच्या अॅक्सलबद्दल एकच प्रश्न लेखी विचारा: लॉक खरा आहे की ब्रेकने केलेला? ब्रेकवाली यंत्रणा फिरत्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे ताकद ढकलते. थोड्या चिखलात चालते. लांब चढावर ब्रेक तापतात आणि ती मागे हटते.

४. तीन दारांच्या थारमध्ये फोर-बाय-टू (दोनच चाकांना ताकद) डिझेल आणि फोर-बाय-फोर डिझेलच्या किमतीत एवढी दरी का?

फक्त ट्रान्सफर केसचे पैसे नाहीत, करही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्यापुढच्यांवर ४० टक्के. तीन दारांची थार ३९८५ मिमी लांब आहे, म्हणून तिचं १४९७ सीसीचं फोर-बाय-टू डिझेल १८ टक्क्यांत बसतं. फोर-बाय-फोर डिझेलमध्ये इंजिन २.२ लिटरचं, म्हणून ४० टक्के. जिम्नीसुद्धा ३९८५ मिमीच आहे, पण पेट्रोलसाठी मर्यादा १२०० सीसीची आणि जिम्नीचं इंजिन दीड लिटरचं. तीही ४० टक्क्यांत. रॉक्स चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे तिची सगळीच व्हेरिअंट ४० टक्क्यांत.

५. ऑन-रोड किंमत काढताना महाराष्ट्राचा रस्ता कर व्हेरिअंटनुसार कसा बदलतो?

वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२ टक्के, वीसच्या वर १३ टक्के. डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५. म्हणून वीस लाखांच्या काठावरचं व्हेरिअंट बघताना एक्स-शोरूममधला फरक आणि ऑन-रोडमधला फरक यांचा मेळ लागत नाही. कंपनीच्या नावावर घेतली तर कर २० टक्के. घरच्या प्रोप्रायटरशिपच्या नावावर घ्यायचा विचार करणारे इथे थांबून सीएला विचारतात, ते बरंच करतात.

दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (डीलरने आधीच गोळा केलेला आयकर) लागतो. तो खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा आणि काढायला सांगा.

६. रॉक्सची डिकी कुणी ४४७ लिटर म्हणतं, कुणी ६४४. खरं काय?

दोन्ही. मोजण्याची रीत वेगळी.

व्हीडीए (जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या) पद्धतीत २०० × १०० × ५० मिमीचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि किती बसले ते मोजतात. बहुतेक वेळा ते सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंत रचले जातात. रॉक्सचा ४४७ चा आकडा असा आहे. ६४४ हा थेट छतापर्यंतचा. अमेरिकेत घनफुटात आणि बहुधा छतापर्यंत मोजतात: चार दारांच्या रँग्लरचे ३१.७ घनफूट म्हणजे जवळपास ९०० लिटर होतात, पण तोच आकडा युरोपातल्या माहितीपत्रकात बराच खाली येतो. लँड रोव्हर तर ‘कोरडं’ आणि ‘ओलं’ असे दोन आकडे देते. कोरडं म्हणजे ठोकळ्यांनी, ओलं म्हणजे जागा द्रवाने भरली असं धरून. ओला आकडा नेहमी मोठा, कारण पाणी कोपऱ्यात शिरतं, बॅग शिरत नाही.

म्हणून दोन गाड्यांचे लिटर शेजारी मांडण्याआधी तीन गोष्टी जुळवा: ठोकळे की द्रव, सीटपर्यंत की छतापर्यंत, तिसरी रांग उभी की दुमडलेली. यातलं एकही जुळत नसेल तर तुलना सोडून द्या आणि टेप घ्या.

७. मग शोरूममध्ये डिकी स्वतः कशी मोजायची?

टेप, एक केबिन बॅग आणि एक मोठी बॅग घेऊन जा. सेल्समन हसला तर हसू दे.

पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मागची त्याच्या मागे बसणाऱ्याला सोयीची करा, आणि मगच मोजा. पाच मापं:

– दरवाजाच्या चौकटीची सर्वांत अरुंद रुंदी. बॅग इथे अडते, आत नाही.
– चाकांच्या कमानींमधली जमिनीवरची रुंदी.
– सीटच्या पाठीपर्यंत खालची खोली आणि वरची खोली. पाठ तिरकी असल्याने वरची कमी भरते. मोठी बॅग उभी राहील का, ते इथे कळतं.
– जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंतची उंची. वीस किलोची आंब्याची पेटी दर वेळी तिथपर्यंत उचलायची आहे.
– सीट दुमडल्यावर मध्ये राहणारी पायरी. रॉक्सची मागची सीट ६०:४० दुमडते. उरलेल्या चढउतारावर बॅग घसरते की बसते, ते प्रत्यक्ष बघा.

हिशेबासाठी: ५५ × ३५ × २५ सेंमीची केबिन बॅग ४८ लिटरची होते. पण ४४७ लिटरमध्ये अशा नऊ बसत नाहीत. कडक बॅगांमध्ये पोकळ्या राहतातच. मऊ डफल बॅगा वापरल्या तर त्याच डिकीत साधारण एक बॅग जास्त जाते.

८. जिम्नीत चार माणसं घेऊन गणपतीला कोकणात जाता येईल का?

माणसं जातील, सामान जपून न्यावं लागेल. जिम्नी चारच माणसांची गाडी आहे. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, दुमडल्यावर ३३२.

खरी अडचण लिटरची नाही, किलोची. एकूण परवानगीचं वजन १५४५ किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन व्हेरिअंटनुसार १२०० च्या आसपास. उरतात ३३५ ते ३५० किलो. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. सामानाला पंचावन्न ते सत्तर किलो शिल्लक. त्यात मूर्ती, चार दिवसांचे कपडे, परतताना तांदळाची गोणी असं सगळं. ओलांडलं तर मागची स्प्रिंग बसते, हेडलॅम्पचा झोत वर जातो आणि घाटात ब्रेक लवकर तापतात.

दोघांसाठी मात्र जिम्नीसारखी सोयीची गाडी नाही. मागच्या दोन्ही सीटा दुमडायच्या आणि जायचं. पुढच्या सीटा मागे पाडल्या तर आत झोपताही येतं.

९. तीन दारांची थार की रॉक्स? डिकीच्या दृष्टीने.

डिकी हा निकष असेल तर रॉक्स, चर्चा नको. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, रॉक्सचा २८५०. ते ४०० मिमी जवळजवळ पूर्णपणे मागच्या प्रवाशाला आणि डिकीला मिळाले आहेत. थारमध्ये चार माणसं बसली की मागे दोन शाळेची दप्तरं राहतील इतकीच जागा उरते.

लांब व्हीलबेसचा तोटा पोटाखाली दिसतो. रॉक्सचा ब्रेकओव्हर कोन (पोट न टेकता ओलांडता येणारा मधला कोन) २३.९ अंश. अप्रोच (पुढचा) ४१.७ आणि डिपार्चर (मागचा) ३६.१ उत्तम आहेत, पण टेकाडाचा माथा ओलांडताना मधला कोन कामाचा. एकट्या-दुकट्याने अवघड वाटा करणारे म्हणूनच अजून तीन दारांची घेतात.

१०. सात सीटवाली घेतली तर सातही जण आणि सामान एकदम बसतं का?

नाही. यातल्या कोणत्याही गाडीत नाही. तिसरी रांग वापरली की डिकी म्हणजे सीटमागची फट. फरक असतो तो सीट बाजूला केल्यावर.

स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग एकसंध बाक आहे. अर्धी दुमडून अर्ध्यावर माणूस बसवता येत नाही, आणि दुमडून पुढे उचलली तरी ती दुसऱ्या रांगेमागे उभी राहून खोली खाते. कायम पाच जणच जाणार असतील तर बाक काढून ठेवावासा वाटतो. पण बोल्ट काढण्याआधी प्रश्न १४ मधलं बदलांबद्दलचं वाचा. फॉर्च्युनरच्या तिसऱ्या रांगेचे दोन भाग बाजूला खिडक्यांवर टांगले जातात. जमीन मोकळी होते, वरची रुंदी जाते. पाच दारांच्या गुरखात मागे दोन सुट्या सीटा आहेत आणि सामान त्यांच्या आजूबाजूला कोंबावं लागतं.

स्कॉर्पिओ-एन फोर-बाय-फोरमध्ये हवी तर डिझेलच घ्यावी लागते. सहा सीटचा पर्याय त्यात गृहीत धरू नका, बुकिंगआधी विचारा.

११. मागचा दरवाजा बाजूला उघडतो. सोसायटीत अडचण होईल का?

हमखास. थार, रॉक्स, जिम्नी, गुरखा, रँग्लर, डिफेंडर यांचे दरवाजे बाजूला उघडतात आणि त्यावर स्टेपनी असते. स्कॉर्पिओ-एनची स्टेपनी गाडीखाली आहे, पण दरवाजा तिचाही बाजूलाच. फॉर्च्युनरचा वर जातो.

मुंबईत लहान गाडीची आखलेली जागा सहसा २.३ × ४.५ मीटर आणि मोठ्या गाडीची २.५ × ५.५ मीटर असते. रॉक्स ४४२८ मिमी लांब. लहान जागेत उभी केली की मागे सात सेंटिमीटर उरतात, म्हणजे दरवाजा उघडणारच नाही. उपाय: नाक भिंतीकडे, डिकी पॅसेजकडे. थार हार्ड टॉप, रॉक्स आणि रँग्लरची मागची काच वर वेगळी उघडते, त्यातून दप्तर किंवा भाजीची पिशवी टाकता येते. मोठी बॅग नाही. जिम्नीत ती सोय नाही.

पावसाळ्याची एक बाब माहितीपत्रकात कुठेच नसते. वर उघडणारा दरवाजा सामान भरताना डोक्यावर छप्पर होतो. बाजूला उघडणारा होत नाही. जुलैत एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर हे लक्षात येतं.

१२. स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या यंत्रात) कोणती बसेल?

खांबावरची पाटी वाचा. त्यावर उंची, रुंदी, लांबी आणि वजन असे चार आकडे असतात, आणि चारही पाळावे लागतात. उंची मिमीमध्ये: जिम्नी १७२०, फॉर्च्युनर १८३५, स्कॉर्पिओ-एन १८५७, रॉक्स १९२३, पाच दारांची गुरखा २०९५. आरसे सोडून रुंदी: जिम्नी १६४५, फॉर्च्युनर १८५५, रॉक्स १८७०, स्कॉर्पिओ-एन १९१७.

सेडानसाठी बांधलेल्या पॅलेटवर (गाडी उभी राहते त्या फळीवर) यातली कुठलीच जात नाही. उंच पॅलेटवरही वजनाची मर्यादा वेगळी असते. फॉर्च्युनर दोन टनांच्या पुढे जाते. २.१ मीटरच्या बेसमेंट बारखालून गुरखा कागदावर जाते, पण छतावर कॅरिअर लावला की संपलं. बुकिंगआधी सोसायटीच्या कमिटीकडून आणि यंत्राच्या देखभाल कंपनीकडून लेखी घ्या.

१३. हिंदमाता, मिलन सबवे तुंबला तर यातून जाता येईल? वरच्या व्हेरिअंटने फरक पडतो का?

रॉक्स आणि थारची जाहीर मर्यादा ६५० मिमी, गुरखाची ७००. रॉक्सच्या टायरची उंची ७८९ मिमी, म्हणजे पाणी टायरच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत. पण हा आकडा स्थिर पाण्याचा, चालण्याच्या वेगाचा आणि खालची जमीन माहीत असतानाचा आहे. शेजारून बस गेली की लाट सहज वीस सेंटिमीटर वाढते. आणि सबवेत उतार असतो: तोंडाशी गुडघाभर दिसणारं पाणी मध्यावर छातीभर असतं. सबवेत जाऊ नका, कोणत्याही गाडीने.

व्हेरिअंटने इंजिनाची हवा घेण्याची उंची बदलत नाही. वरच्या व्हेरिअंटमध्ये बंपरमध्ये रडार आणि सेन्सर जास्त असतात, म्हणजे चिखल-पाण्याने बिघडायला जागा जास्त.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे सहसा नाकारलं जातं. ‘इंजिन प्रोटेक्ट’ अॅड-ऑन मुंबईत चैन नाही. पाण्यातून सुखरूप आलात तरी ब्रेक दाबत काही अंतर जा, आणि सर्व्हिसला डिफरेन्शिअलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) तेल बघायला सांगा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलं आहे.

१४. डिकी अपुरी पडते. रूफ कॅरिअर लावू का?

लावण्याआधी मॅन्युअलमधली छताची मर्यादा बघा. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. लोखंडी जाळीवाला कॅरिअरच निम्मी मर्यादा खातो. वजन वर गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते, आणि या गाड्या आधीच उंच आहेत. वर फक्त हलकं आणि मोठं ठेवा: तंबू, गाद्या. पाण्याचे कॅन, जॅक आणि पेट्या डिकीत, सीटच्या पाठीला टेकून. सीटच्या उंचीच्या वर सामान रचलं असेल तर मागे जाळी बांधा, नाहीतर ब्रेक लावला की ते पुढे येतं.

बदलांबद्दल: बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ बांधणीत फरक करता येत नाही. सीट कायमच्या काढणं, सस्पेन्शन उंच करणं हे त्यात येतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच शोधते. कंपनीची अस्सल अॅक्सेसरी घेऊन बिलावर लिहून घेतलेली बरी.

१५. बेस व्हेरिअंट घेऊन मोठे टायर टाकले तर?

त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला कंपनीने दिलेला आकार सुरक्षित. रॉक्सला १९ वरून १८ इंचीवर आणलं तरी स्पीडोमीटर चुकत नाही, कारण व्यास सारखाच आहे (पाहा प्रश्न ३). त्यापेक्षा मोठा टायर चाकाच्या कमानीत घासतो, गिअर लांबतात, ब्रेकचं अंतर वाढतं आणि एबीएसचा अंदाज चुकतो. मड-टेरेन (खोल खाचांचे, चिखलासाठीचे) टायर मुंबईच्या ओल्या काँक्रीटवर कमी पकडतात आणि आवाज करतात. ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) पुरे.

१६. रोजच्या प्रवासात फोर-बाय-फोर चालू ठेवू का?

थार, रॉक्स, जिम्नी, गुरखा यांत नाही. या पार्ट-टाइम आहेत, म्हणजे फोर-बाय-फोर गरजेपुरतीच. ४एच (चारही चाकं, नेहमीचे गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात टायर घसरून तो फरक मिटतो, काँक्रीटवर मिटत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि लिव्हर २एच (दोनच चाकं) मध्ये यायला तयार होत नाही. तसं झालं तर सरळ थोडं मागे घ्या, ताण सुटतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काहीशे मीटर ४एच मध्ये चालवा, नाहीतर तेल खाली बसून राहतं. रँग्लर अनलिमिटेड आणि डिफेंडर फुल-टाइम आहेत, त्यांना हा नियम लागत नाही.

१७. रॉक्स फोर-बाय-फोर हवी तर डिझेल घ्यावी लागते. दादर-परळ एवढंच चालवणार. चालेल का?

इथे आमचं मत स्पष्ट आहे: रोज चार-पाच किलोमीटरच असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस६ डिझेलच्या एक्झॉस्टमधला फिल्टर काजळी धरतो आणि ती जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापावा लागतो. सिग्नल ते सिग्नल गाडीत ते होत नाही. दिवा लागतो, मग इंजिन ताकद कमी करतं, मग वर्कशॉप. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं ईस्टर्न फ्रीवे किंवा पाम बीच रोडवर सलग वेगात नेणार असाल तर ठीक. नाहीतर जिम्नी पेट्रोल.

दिल्लीतला दहा वर्षांचा डिझेल नियम मुंबईत लागू नाही. इथे खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. सीएनजी किट बसवायचा विचार असेल तर टाकी बसेल कुठे ते आधी बघा. जिम्नीच्या २०८ लिटरमध्ये टाकी गेली की डिकी उरतच नाही.

१८. डीलर म्हणतो ‘सगळं तेच आहे, नाव बदललंय’. बुकिंगआधी काय तपासू?

प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर मॉडेलचं पूर्ण नाव, इंधन, गिअरबॉक्स, ‘फोर-बाय-फोर’ हा शब्द आणि सीटांची संख्या छापून घ्या. तोंडी नाही. सुटी अॅक्सेसरी म्हणून दाखवलेली वस्तू व्हेरिअंटचा भाग आहे की वेगळी बिलाची, हे ओळीओळीने विचारा. डिस्प्लेमधल्या गाडीला लावलेले टायर, कॅरिअर, पायऱ्या बऱ्याचदा तुमच्या गाडीत नसतात.

डिलिव्हरीच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना निघतो, तो इन्व्हॉइसशी जुळवा. चाक किती इंची ते टायरवर वाचा. केबिनमध्ये लो रेंजचा लिव्हर किंवा नॉब आहे का बघा, ४एल (लो रेंज) टाकून डॅशबोर्डवर दिवा लागतो का ते बघा. गाडी न्यूट्रलला आणि उभी असताना टाका. शेवटी डिकी उघडून जॅक, पाना आणि टो हुक जागेवर आहेत का ते मोजा. नोंदणी झाल्यावर व्हेरिअंट चुकीचं निघालं तर बदलून मिळत नाही, म्हणून हे सगळं आरटीओला कागद जाण्याआधी.

१९. आणि किनाऱ्यावर? अलिबागला वाळूत चालवायचीच आहे.

किनाऱ्यावर गाडी नेऊ नका. पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि भरतीत रुतलेल्या गाडीला विमा वाचवेलच असं नाही. कुठल्याही व्हेरिअंटने ओली वाळू सोपी होत नाही, आणि खारं पाणी चासीच्या आत शिरलं की ते धुऊन निघत नाही. लोणावळा-कर्जतकडच्या खाजगी ऑफरोड ट्रॅकवर पैसे भरून हौस भागवा. तिथे ओढून काढायला दुसरी गाडी असते.